ताईची सुई

कर्नाटकातल्या कमलनगरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीनं आम्हा नवराबायकोला दोनच अटी घातल्या. पाण्याचं, लाईटबिलाचं, येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांचं ती चकार शब्द बोलली नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मला ताई म्हनायचं न्हाई. अक्का म्हना, मावशी म्हना, ए थेरडे म्हना. ताई म्हनलात की त्याच दिशी खोली खाली. आनि भितीवर हसऱ्या लेकराचा फोटू लावायचा न्हाई."

"रडक्या लेकराचा चालंल का ओ अक्का?" मी विचारलं. माझी जीभ ही अशी. डोक्याला विचारायला थांबत नाही.

"रडक्याचे शंभर लाव," ती म्हणाली. "खिळे मी देते."

आणि आत जाऊन खरंच मूठभर खिळे घेऊन आली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

नवऱ्याला बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, जवळपास दुसरी खोली मिळत नव्हती, म्हणून आम्ही खिळ्यांसकट खोली घेतली. मी उदगीरकडची. कानडी मला तेव्हा 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का, एवढंच यायचं. तेवढ्यावर मी अख्खा बाजार करून यायचे. ही बाईही मूळची तिकडचीच, घरात मराठीच बोलणारी. तरी तिला कानडीतला 'अक्का' चालतो आणि आपल्यातला 'ताई' चालत नाही, याचं मला नवल वाटायचं. गल्लीतल्या कुठल्याही बाईला मी विचारलं की ती एकदम पदर सावरून विषय बदलायची.

अक्का उंच होती. किती उंच, ते मी सांगते तसं धरून चला. परसातल्या शेवग्याच्या शेंगा ती आकडीशिवाय काढायची, आणि तेही बसल्या जागेवरून. पण एवढ्या मोठ्या देहाचं पाऊल कधी वाजायचं नाही. तुम्ही भाकरी थापत असायचात, सहज मागं वळून बघायचात आणि ती असायची. कधीपासून होती ते विचारायची सोय नव्हती. ती यायच्या आधी फक्त एक गोष्ट व्हायची: भिंतीवरची पाल आढ्याच्या फटीत निघून जायची. पुढं पुढं मला सवयच लागली. पाल हलली की मी चहाला आणखी एक कप पाणी टाकायचे.

पहिल्याच महिन्यात मी तिची अट मोडली. मुद्दाम नव्हे. माझ्या मावसभावानं लग्नात एक पोस्टर दिलं होतं, नव्या जोडप्याच्या खोलीत लावतात तसलं, गुटगुटीत, बोळक्या तोंडानं खदखदा हसणारं बाळ. ट्रंकेत सापडलं, लावलं, विसरले. दुपारी भाजी आणायला गेले. कुलूप मी स्वतः ओढून बघितलेलं, किल्ली माझ्या कमरेला. परत आले तर बाळाच्या तोंडावर चिकटपट्टी. दवाखान्यात जखमेवर लावतात ना, ती पांढरी पट्टी, दोन्ही गालांपर्यंत नीट दाबून बसवलेली. वर त्याचे डोळे तसेच हसत होते.

मी हिय्या करून पट्टी ओढली. तिच्याबरोबर कागदाचा रंगही निघून आला. त्या बाळाला तोंडच उरलं नाही. नाकाखाली नुसता पांढरा खड्डा.

संध्याकाळी नवऱ्यानं पोस्टर गुंडाळून शेजारच्या गोठ्यामागं जाळलं आणि मला म्हणाला, "खोली सोडू या का?" मी म्हणाले, "ॲडव्हान्स दिलाय." नवऱ्याला एवढं कारण पुरलं. मला स्वतःला खरं तर जायचंच नव्हतं. अशी घरमालकीण रोज थोडीच मिळते.

आता तिच्या दंडाविषयी सांगायला हवं. अक्काचा डावा दंड ठणकायचा. तसे म्हाताऱ्या बायांचे सगळेच सांधे ठणकतात, पण हा दंड फक्त एकाच कारणानं ठणकायचा. गल्लीत कुठं कुणाला दिवस गेले की अक्का भर दुपारी, सगळी दारं अर्धी लोटलेली असताना, त्या घरापुढं जाऊन उभी राहायची. उजव्या हातानं डावा दंड घट्ट धरलेला. हाक नाही, खाकरणं नाही. घरातली कुणी बाहेर आली की एकच प्रश्न: "सुई झाली का?"

बऱ्याचदा त्या बाईनं नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नसायचं. बऱ्याचदा तिला स्वतःलाच ठाऊक नसायचं. एकदा अक्का अशा घरापुढं उभी राहिली जिथं एक रंडका म्हातारा आणि त्याची म्हैस, याखेरीज कुणीच नव्हतं. गल्लीला वाटलं, आज चुकली बया! आठवड्यानं जनावरांचा डॉक्टर आला आणि म्हैस गाभण असल्याचं सांगून गेला. म्हातारा म्हणे त्या दिवसापासून अक्काच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. ही गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली आहे आणि दर वेळी म्हैस थोडी जास्त दूध देते. पण दंड धरून उभी राहिलेली अक्का मात्र मी वाढवून सांगत नाही. तिला वाढवायची गरजच नव्हती.

आमच्या या पट्ट्यात भानामती हा शब्द हळू आवाजात बोलतात. कुणाच्या पाठीवर फुल्या उठतात, कुणाच्या जेवणात केस निघतात, आणि याला कुणीतरी बाई कारण असते. ती बाई बहुतेक वेळा एकटी राहणारी असते. अक्का एकटी राहायची. ती येताना दिसली की बाळंतिणीच्या खोलीचं दार लागायचं, तान्ह्याच्या गालावर काजळाचं बोट उठायचं. कारण दाराच्या फटीतूनही तिला झोपेत हसणारं लेकरू दिसलं तर ती त्याच्यावर खेकसायची. खरंच खेकसायची. "गप! तोंड मिट!" अशी. लेकरू दचकून रडायला लागलं की मगच ती जायची. आता सांगा, अशा बाईला लोक काय म्हणतील?

पण सगळ्यात मोठा गोंधळ तिनं एका नव्या नवरीच्या बाबतीत घातला. समोरच्या गल्लीतला एक मुलगा आफ्रिकेत बोअरच्या मशीनवर कामाला होता. लग्न करून बायकोला बरोबर न्यायला आलेला. तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला लागतो, नाहीतर विमानातच घेत नाहीत. त्या लसीसाठी दोघं हैदराबादला निघालेली, जीपमध्ये बसलेली. आणि अक्का जीपच्या समोर येऊन उभी राहिली.

"हिला सुई द्यायची न्हाई," ती म्हणाली.

अख्खं बसस्टँड गार. जिनं गावातल्या एकेका पोटुशीला हाताला धरून धनुर्वाताची सुई टोचवली, ती आज सुई नको म्हणते?

"अक्का, बाजूला व्हा की ओ," जीपवाला म्हणाला. "अठरा शिटं हायत आत, चार टपावर. तुमच्यापायी बसायलोत व्हय हितं?"

"ही दोन जिवाची हाय."

नवरी लाजून लाल. नवरा खाली उतरला. "काय बी बोलायलीस म्हातारे! लग्नाला महिना न्हाई झाला."

"महिना लई झाला," अक्का म्हणाली आणि दंड चोळत तिथंच उभी राहिली. जीपवाल्यानं हॉर्न दाबला. तो वाजलाच नाही. अठरा शिटं साक्षीला आहेत, मला काही बोलू नका.

शेवटी ती दोघं तालुक्याच्या दवाखान्यात गेली, डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली, आणि अक्काचं खरं निघालं. डॉक्टरीणबाई शांत, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, काही लसींमध्ये अशक्त केलेले पण जिवंत जंतू असतात. पिवळ्या तापाची तशी, गोवर-रुबेलाची तशी. त्या दिवस जायच्या आधी घ्यायच्या आणि मग निदान महिनाभर थांबायचं. दिवस गेल्यावर सहसा देत नाहीत. जाणं टाळताच येत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा धोका कुठला मोठा ते डॉक्टर बघतात. पण तुम्हाला टाळता येतंय, तर टाळा. धनुर्वाताच्या लसीत मात्र जिवंत काही नसतं. ती पोटुशीनं घ्यायचीच. मुलगा एकटा गेला. ती मागाहून, लेकरू चांगलं मोठं झाल्यावर, लस घेऊन गेली.

अक्कानं यातून स्वतःचं शास्त्र बनवलं. सुया दोन जातीच्या: जिती आणि मेली. माझ्या चुलीपुढं बसून, विस्तवाकडं बघत ती म्हणाली, "जिती सुई पोटातल्या जित्यावर बसती. मेली सुई राखन करती." आणि मग उगीच, जणू मी विचारलं होतं, "मेलेल्याला काय गं काम असतंय दुसरं?"

माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

पुढं माझी पाळी आली, म्हणजे चुकली. ते माझ्या ध्यानात यायच्या आधीच एका दुपारी पाल आढ्यात शिरली. मी चहाचं पाणी वाढवायला उठले, वळले, आणि बघते तर अक्का दारात. दंड धरलेला.

"लई ठनकायलंय," ती म्हणाली.

"बसा की, तेल कोमट करते."

"हितनं बाजूला झालं की थांबतंय. तुझ्या दारात आलं की ठनकतंय."

सांगते ना, आनंद वगैरे नंतर. आधी मला दिसली ती सुई. सुईला मी एवढी भिते की ब्लाऊजला हूक लावायचा तर तोंड फिरवून दोरा ओवते. शाळेत लस टोचणारे आले तेव्हा मी खिडकीतून उडी मारून जी पळाले, ती थेट दुसऱ्या तालुक्यात सापडले असं आमच्याकडं अजून सांगतात. ते सांगणारी मीच आहे, पण तालुका खरा आहे.

बातमी कळल्यावर भालकीहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. बाई मायेची, पण आवाज साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा. अक्का दारात दिसली तशा त्या माझ्यापुढं आडव्या झाल्या.

"काय पायजे?"

"सुई झाली का हिची?"

"चार बाळंतपनं केली मी, एक सुई न्हाई घेतली. चौघं बी दगडावानी हायत. निघ तू."

दार लोटून त्या माझ्याकडं वळल्या. "हिची सावली पडू देऊ नगं अंगावर. दंड धरून कामून उभारती ती? पोटातलं मोजायली ती, मोजायली! तिच्या सांगन्यावरनं सुईबिई टोचून घेतलीस तर बघ."

मला काय, आयतंच निमित्त मिळालं. सुईचा दिवस आला आणि गेला. पण अक्का सोडणाऱ्यातली नव्हे. आत्याबाई चार दिवस भालकीला गेल्या आणि पाल हलली. मी तयारीतच होते. दंडावर कापूस ठेवून वर पट्टी चिकटवून घेतली होती. तोंड जरा वाकडं केलं आणि म्हणाले, "झाली बघा अक्का. लई दुखायलंय."

तिनं पट्टीवर अंगठा टेकवला. बाहेर एवढं ऊन की पत्रा तडतडत होता, आणि तो अंगठा रांजणातून काढल्यासारखा गार.

"हितं सुई न्हाई," ती म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. ती घाबरली होती. एवढी उंच बाई अशी घाबरलेली मी पहिल्यांदा बघत होते. ती उंबऱ्यावर बसली आणि बाहेर गल्लीकडं तोंड करून बोलायला लागली.

"धाकट्या बहिनीला दिवस गेले तवा मी आले हिकडं, उदगीरकडनं. नवरा मेलेला, पदरात काय न्हाई. धाकटीचं करावं म्हनलं. अंगनवाडीत सुईचा दिवस होता. नर्सबाई नवीन, मैसूरकडची. मराठी एक अक्षर न्हाई. आनि मला कानडी न्हाई. हातात कारडं घेऊन ती म्हनायली, तायी कार्ड, तायी कार्ड. मी म्हनलं बरंय, ताईचं कारड. गर्दी ही! बाया नुसत्या रेटायलेल्या. मग ती वरडली, 'तायी यारू? तायी यारू?' यारू म्हंजे कोन, एवढं कळायचं मला. मी हात वर केला. मी, मीच ताई. धाकटी शेजारीच बसलेली, माझ्या पदराआड."

"मग?"

"मग काय. माझा दंड धरला, सुई टोचली."

मला हसू फुटलं. काय करू, फुटलं.

"हास," अक्का म्हणाली. "धाकटी बी हसली. घर येऊपतोर दोघी हसायलो. ती सुईला भ्यायची, तुझ्यासारखी. म्हनली, बरंय की गं ह्या राज्यात, पोट माझं आनि सुई ताईला! मला वाटलं असंल इकडची रीत. तिचे नवस मी फेडलेले, तिच्यासाठी उपास मी धरलेले. तसंच हे बी. महिन्यानं परत बोलवलं. परत मीच हात वर केला."

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही.

"घरातच मोकळी झाली. इळ्यानं नाळ कापली, वर राख लावली. गोरंपान लेकरू गं. चांगलं ओढायचं. मग एका सकाळी थान धरंना. ओठ ताणायले. बाया म्हनल्या, हसायलंय बघा, सटवाई हसवायली त्याला. मी बी बघितलं. त्याच्या तोंडाकडं बघून मी बी हसले. मग कवाड वाजलं आनि ते कमानीवानी मागं वाकलं. भांडं वाजलं की वाकायचं, कुनी शिंकलं की वाकायचं. आनि तोंड तसंच. हसरं. दोन दिवस तसंच. तसंच मातीत ठिवलं."

गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पत्रा तडतडायचा थांबला होता.

"मातीच्या दिशी नर्सबाई आली. म्हनली, सुई दिली होती की मी. धाकटीचा दंड बघितला, मग माझ्याकडं बघितलं आनि कपाळाला हात लावून खालीच बसली. कुनीतरी तिचं बोलनं मराठीत सांगितलं. धनुर्वातानं गेलं लेकरू. तायी म्हंजे आई. कानडीत तायी म्हंजे आई असतंय, हे मला त्या लेकराच्या मातीला कळलं."

मग तिनं पदर बाजूला करून डावा दंड दाखवला. सुरकुतल्या कातडीत काहीच नव्हतं, ना व्रण ना गाठ.

"त्याची सुई हाय ही. जिला द्यायची तिला मिळाली न्हाई, हितंच ऱ्हायली. म्हनून ठनकती."

धाकटीला पुढं तीन लेकरं झाली, सुया घेऊन, तिन्ही धडधाकट; ती आता हे घर अक्कावर सोडून आळंदकडं मादन हिप्परग्याला असते. सणाला फोन करते. "ताई म्हनू नगं म्हनून मीच सांगितलंय तिला," अक्का म्हणाली आणि उठली.

दुसऱ्याच दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. आता तिथली नर्स पोरगेली, मराठी-कानडी-दखनी तिन्ही फाडफाड बोलणारी. पण सवयीनं तिनं कानडीतच हाक दिली: "तायी यारू?" अक्कानं माझं मनगट धरलं आणि असा हात वर केला की माझे पाय जमिनीवरून सुटले. सुई टोचेपर्यंत मी अधांतरीच होते, म्हणून दुखलं नाही.

डॉक्टरीणबाईंना मी अक्काच्या दंडाचं विचारलं. त्यांनी तिचा दंड हातात घेतला, नीट दाबून बघितला. "अक्का, ती लस केव्हाच अंगात जिरली. आत काही राहिलेलं नाही."

"मग ठनकतंय ते?"

"ते खरंच ठणकत असणार," त्या म्हणाल्या. "तेवढं माझ्याकडून थांबायचं नाही." मग मला म्हणाल्या, "तू घेतलीस, तिचं संरक्षण तुझ्या रक्तातून बाळापर्यंत जातं. महिन्यानं दुसरीला ये. फ्लूची, डांग्या खोकल्याची लसही घेता येते, ती कधी ते मी सांगते."

महिन्यानं मी दुसरी घेतली. आत्याबाईंना कळलं तेव्हा भालकीपर्यंत ऐकू जाईल असा कल्लोळ झाला. अक्काला आमच्या खोलीची पायरी बंद झाली. पोटातलं वाढत गेलं तशी ती अंगणाच्या पलीकडच्या कडेला बसून राहायची, दाराकडं तोंड करून. आत्याबाई तिच्या दिशेनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायच्या. ती अंगावर पडलेल्या मोहऱ्यासुद्धा झटकायची नाही.

मुलगी झाली, दवाखान्यात, सगळं नीट. घरी आलो. पाचवीचा दिवस. आत्याबाईंनी पाटा धुऊन ठेवला, सटवाईच्या पूजेचं काही राहिलं म्हणून ऊन कलतं झाल्यावर बाजारात गेल्या. जाताना दार ओढून घेतलं. "कुनाला आत घेऊ नगं. ती आली तर वरड."

लेक पाळण्यात झोपली होती. दुपारपासून प्यायली नव्हती. झोपेत आहे म्हणून मी उठवलं नव्हतं. सहज वाकून बघितलं आणि तिचे ओठ हलले. एका बाजूनं वर सरकले. मग दुसऱ्या बाजूनं. डोळे मिटलेले, आणि हसली.

सगळी लेकरं हसतात. मला माहीत होतं. दोन्ही सुया घेतल्या होत्या, नाळ दवाखान्यात कापलेली होती. मला सगळं माहीत होतं, आणि मी त्या ओठांकडं बघत होते आणि ते परत खाली येत नव्हते. हात लावायचा धीर होईना. भांडं वाजू नये म्हणून मी पायसुद्धा हलवला नाही.

"अक्का," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले की मनात, देव जाणे.

ती आत होती. पाळण्याच्या पलीकडं. पाल वगैरे बघायला मला सवड नव्हती. तिनं कोपऱ्यातल्या साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, परत धुतले, हवेत वाळवले. मग गुडघे टेकून बसली आणि करंगळीचं टोक लेकीच्या खालच्या ओठाला लावलं.

ओठ हलले नाहीत. ते हसू तसंच.

अक्काच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. तो बाईचा नव्हता, लेकराचाही नव्हता. मी माझ्या दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली.

दार उघडलं. आत्याबाई. हातातली दुरडी, आणि समोर नातीच्या तोंडात बोट घातलेली ती बाई. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

आणि लेकीनं जबडा उघडला. सुस्त, चिडल्यासारखा. बोट आत घेतलं आणि ओढायला लागली. चपचप आवाज खोलीभर झाला.

"ओढायलंय," अक्का म्हणाली.

आत्याबाईंचं तोंड उघडंच होतं, पण आवाज येत नव्हता. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. बोट तसंच राहू देऊन तिनं दुसरा हात कोपरात वाकवला, छातीशी घेतला, आणि त्या रिकाम्या खोबणीत मान घालून, कुणाला तरी शिकवावं तशी हळूच बोलली,

"बघितलास? असं ओढायचं असतंय, बाळा. असं."

वाट बघितली. परत म्हणाली, "असं."

मग तिनं बोट सोडवून घेतलं. लेक भुकेजून रडायला लागली, मी तिला उचलून पदराखाली घेतलं, आणि तिनं असा घास मारला की मी कळवळले. अक्का उठली. तो हात तसाच वाकलेला, छातीशी धरलेला. दाराकडं चालली.

आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी दुरडी खाली ठेवली. मग भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं, लुगड्याचा घोळसुद्धा मुठीत आवळून धरला. दार चांगलं रुंद होतं, अक्का एकटी तर आरामात गेली असती. पण तिच्या त्या कोपराला कशाचा धक्का लागू नये म्हणून आत्याबाई श्वास धरून उभ्या राहिल्या, ती अंगण ओलांडून जाईपर्यंत.